अकरा ओळींचा दगड

"एका दगडाला शेंदूर किती लागतो हो?" हसुराम घरतांनी फाटकातूनच विचारलं.

मी पेपर खाली ठेवला. हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला असता तर मी वाण्याच्या दुकानाकडे बोट दाखवलं असतं. पण घरतांनी शेंदूर विचारणं म्हणजे दारूबंदीच्या प्रचारकाने गुत्त्याचा पत्ता विचारण्यापैकी होतं. गेली बारा वर्षं हा माणूस पंचक्रोशीतल्या जुन्या दगडांवरचा शेंदूर कोमट पाण्याने आणि लाकडी पट्टीने काढत फिरत होता.

"दगड केवढा?"

"आपला. उंडीखालचा."

"काढलेला शेंदूर जमवून ठेवला असतात तर आज विकत आणावा लागला नसता."

ते हसले नाहीत. फाटक उघडून आत आले आणि पायरीवर बसले. खुर्ची दिली तरी ते पायरीवरच बसत. सरकारी मोजणीला गेलेल्या माणसाला लोक खुर्ची देतात आणि मग ती कुणाच्या हद्दीत ठेवली यावरून भांडतात, असा त्यांचा अनुभव होता.

"तुम्हीच म्हणालात ना गेल्या आठवड्यात," ते म्हणाले. "रस्तावाले झाडाला बगल देत नाहीत, देवाला देतात. त्याचा देव करून टाका म्हणून."

"घरत, मी विनोद केला होता."

"हो. पण दुसरा उपाय कुणी सांगितलाच नाही."

मी तेव्हा नोकरीतून निवृत्त होऊन आवळेखारला राहायला आलो होतो. एक साप्ताहिक माझं तिरकस सदर अजून छापत असे, त्यामुळे गावात मला 'लेखक' म्हणत आणि माझ्यासमोर जपून बोलत. जपून न बोलणारे घरत एकटेच. चौतीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या आणि शिव्या खाल्ल्या, कारण मोजणीत जमीन सहसा वाढत नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावातली झाडं मोजायला घेतली. कुठल्या झाडाचा घेर गेल्या वर्षीपेक्षा किती वाढला हे ते दुसऱ्याच्या नातवंडांबद्दल बोलावं तसं सांगत. स्वतःची नातवंडं नव्हती. एकच मुलगी, वैजू, पनवेलला दिलेली. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि घरात त्या विषयावर कुणी बोलत नसे. म्हणजे मंजुळावहिनी देवाशी बोलत आणि घरत झाडांशी.

आणि हा दगड. खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत उंडीचं एक जुनं झाड होतं आणि त्याच्या बुंध्याशी कमरेइतका उंच काळा दगड उभा होता. जुन्या काळी राजाने कुणाला जमीन दान दिली की असा दगड रोवत. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेतो दान चालू. त्याखाली चित्र. चित्रात एक बाई आणि एक गाढव. मग मजकूर, की जो कुणी हे दान मोडील त्याच्या आईला गाढव. पुढचं क्रियापद घरतांनी मला कधीच उच्चारून दाखवलं नाही. 'त्याच्या मातोश्रींना गाढवापासून उपद्रव होईल,' असं ते म्हणत, आणि तेही वहिनी चहा ठेवून आत गेल्यावर.

मजकुराच्या अकरा ओळी जमिनीच्या वर होत्या. घरतांनी तीन वर्षं खपून त्या वाचल्या होत्या. पुण्याहून एक विद्वान येऊन बघून गेले होते आणि जाताना म्हणाले होते, "खाली चार-पाच ओळी असणारच. साल आणि देणाऱ्याचं नाव तिथेच मिळेल." त्या दिवसापासून घरतांचं चित्त त्या चार-पाच ओळींत होतं.

"मग खणून का बघत नाही?" मी एकदा विचारलं होतं.

"परवानगी लागते. अर्ज केलाय."

"उचलून घरी तरी आणा. रस्तावाले खडीत टाकतील एक दिवस."

तेव्हा ते माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटचे चिडले. "गुर्जरसाहेब, हद्दीचा दगड जागचा हलला की तो खोटा होतो. मग तो नुसता दगड."

आता रस्ता चौपदरी होणार होता. उंडीच्या खोडावर लाल फुली पडली होती. घरतांनी सतरा अर्ज केले. एका कार्यालयाने कळवलं की सदर दगड आमच्या यादीत नसल्याने तो अस्तित्वात असल्याची खात्री देता येत नाही. दुसऱ्याने कळवलं की आपली नळजोडणी मंजूर झाली आहे. मी माझ्या सदरात यावर लिहिलं. रस्त्याच्या कामावरच्या साहेबांनी मला मुद्दाम फोन केला. "फार हसलो," ते म्हणाले. "बायकोलाही वाचून दाखवलं." फुली तशीच राहिली.

म्हणून शेंदूर.

आमच्याकडे दुपारी दोन ते चार या वेळात खून केला तरी साक्षीदार मिळत नाही. सगळं गाव झोपलेलं असतं. त्या वेळात आम्ही दोघे उंडीखाली गेलो. मी वाडगा धरला. घरतांनी तेलात शेंदूर कालवला आणि आधी दगडाला हात जोडले.

"नमस्कार कुणाला?" मी विचारलं.

"माफी मागितली."

त्यांनी चित्रावर शेंदूर थापला. अक्षरं मात्र सोडली. ओळींच्या कडेने बोट असं फिरवलं की जणू शेजारच्याच्या हद्दीत जायचं नाही. मग आम्ही एक नारळ फोडला, जास्वंदीची फुलं वाहिली, दोन उदबत्त्या खोचल्या आणि वेगवेगळ्या वाटांनी घरी गेलो. नारळाचा अर्धा भाग मी खाल्ला. पुराव्याचं काय करायचं असतं ते मला माहीत होतं.

तीन दिवसांनी दगडावर झेंडूची माळ होती. ती आमची नव्हती. पंधरा दिवसांनी हिरव्या बांगड्या होत्या. गावचे माजी सरपंच दामूशेठ म्हात्रे गाडी थांबवून उतरले, शेंदरातून वर आलेला उंचवटा त्यांनी नीट पाहिला आणि म्हणाले, "वाहन गाढव आहे. म्हणजे शितळादेवी." हे त्यांनी इतक्या खात्रीने सांगितलं की मलाही क्षणभर पटलं. शितळेचं वाहन गाढवच असतं. ज्या गाढवाचा आठशे-नऊशे वर्षं लोकांच्या आयांना धाक होता, ते दुपारी सव्वादोन वाजता पवित्र झालं.

महिन्याभरात रस्त्याची आखणी बदलली. साहेबांनी स्वतः येऊन नारळ वाढवला. रस्ता उंडीपासून अकरा मीटर लांब सरकला. त्या संध्याकाळी घरत माझ्याकडे आले आणि पेढा हातावर ठेवला.

"आता दोन वर्षांनी गडबड थंडावली की शेंदूर काढू," ते म्हणाले. "मला काढता येतो."

"आणि देवी?"

"देवीला कोण विचारतो हो, एकदा रस्ता झाल्यावर?"

मोजणीखात्यात लोकांची पारख होत नाही, जमिनीची होते.

आषाढात वैजूला दिवस गेल्याचं कळलं. घरत मला सांगायला आले ते अर्ध्या वाटेतच रडायला लागले. फाटकाशी पोचेपर्यंत त्यांचं रडून झालं होतं. मीच म्हटलं, "वैजू?" त्यांनी मान हलवली. मग आम्ही पायरीवर बसलो. माझ्या आवारातल्या करंजाचा घेर किती आहे ते त्यांनी मला सांगितलं.

नवसाचं मार्गशीर्षात कळलं. घरत एका सकाळी मला ओढतच त्यांच्या घरी घेऊन गेले.

"तुम्ही काही बोलू नका. बसा फक्त. एकट्याने मला जमणार नाही."

मंजुळावहिनी स्वयंपाकघरात पाटावर बसून वैजूसाठी डिंकाचे लाडू वळत होत्या. मला पाहून त्यांनी पदर सावरला आणि एक लाडू पुढे केला. घरत उभेच राहिले.

"मंजुळा, तो चौथरा बांधायचं ठरलंय म्हणे."

"ठरलंय नाही, मी बोललेय. बाळ व्हायच्या आत तुला पायापासून मढवीन म्हणून. दामूशेठ सिमेंट देतायत, टायली आपल्या. पांढऱ्या घेतल्यात, वर निळी वेल आहे."

"पायापासून म्हणजे?"

"म्हणजे सगळं. आई उघड्यावर उभी आहे."

घरतांनी माझ्याकडे पाहिलं. मी लाडू खात होतो.

"मंजुळा," ते म्हणाले, "त्या दगडाला शेंदूर मी लावला."

वहिनींचे हात थांबले नाहीत. त्यांनी हातातला लाडू पुरा वळला, ताटात ठेवला आणि पुढचा घेतला.

"ठाऊक आहे. बनियन कुणी धुतलं तुमचं?"

"मग?"

"मग काय? देवाला शेंदूर कुणाच्या तरी हातानेच लागतो. आभाळातून पडतो होय? तुमच्यासारख्या माणसाकडून लावून घेतला तिने, तेव्हाच मी समजले ही जागृत आहे म्हणून. नाहीतर बारा वर्षं खरवडणाऱ्या माणसाच्या हाताला कधी सुचलं असतं?"

मी आयुष्यभर युक्तिवाद विकून पोट भरलं, पण याला उत्तर मला आजपर्यंत सापडलेलं नाही.  घरत खाली बसले.

"त्याच्यावर अक्षरं आहेत," ते हळू म्हणाले. "अकरा ओळी मी उतरून घेतल्यात. त्या झाकल्या तर झाकल्या. पण खाली अजून आहेत. कुणी कधी वाचलेल्या नाहीत. एकदा सिमेंट पडलं की संपलं. पाच ओळी असतील."

वहिनींनी पहिल्यांदा वर पाहिलं. रागावल्या नव्हत्या. तेच वाईट होतं.

"तुमच्या पाच ओळी," त्या म्हणाल्या, "आणि माझी एक पोर. सांगा कुठलं राहू दे."

घरतांनी ताटातला एक लाडू उचलला, थोडा कडेला चपटा झाला होता, तो नीट गोल करून परत ठेवला. चर्चा संपली.

बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "पाया खणतीलच ना? चौथऱ्याला पाया लागतो. दीड-दोन हात खणतील, तेव्हा खालचा भाग उघडा पडेल. पाच मिनिटं मिळाली तरी पुरे. अर्ज नको, परवानगी नको. ते खणणार, मी बघणार."

त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला बरं वाटलं. दामूशेठच्या माणसांनी संक्रांतीनंतरचा शुक्रवार ठरवला. घरतांनी कॅमेऱ्यात नवा रोल भरला, दोन मऊ ब्रश आणले, कागद आणला. गुरुवारी संध्याकाळी त्यांनी मला सगळं मांडून दाखवलं. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी पोरं दप्तर दाखवतात तसं.

शुक्रवारी सकाळी सातला ते फाटकात उभे होते. मागे रिक्षा, रिक्षात वहिनी.

"वैजूला रात्रीपासून कळा. आठवाच आहे हो अजून. दवाखान्यात नेलंय." त्यांनी गळ्यातला कॅमेरा काढून माझ्या गळ्यात घातला आणि ब्रश हातात दिले. "इथलं बटण. जवळून नको, दोन हातांवरून. आधी ब्रशने माती झटका. ऊन डावीकडून येऊ द्या, म्हणजे अक्षर उठतं. पाचच ओळी, गुर्जरसाहेब."

"तुम्ही जा. मी बघतो."

"नक्की?"

"अहो, जा."

रिक्षा वळेपर्यंत ते मान बाहेर काढून मागे पाहत होते. माझ्याकडे नाही, कॅमेऱ्याकडे.

मी नऊ वाजता उंडीखाली होतो. गवंडी होते, दामूशेठ होते आणि निम्मं गाव होतं. बायका एका बाजूला हळदकुंकवाची ताटं घेऊन. त्यांच्या पुढे चांगुणाबाई. चांगुणाबाई गावातल्या सगळ्या बाळंतपणांना आणि सगळ्या मयतांना हजर असत, त्यामुळे त्यांच्याशी कुणी वाद घालत नसे.

खणायला सुरुवात झाली. माती भुसभुशीत होती. वीत, दीड वीत. गवंड्याने फावड्याचं पातं दगडाला लागू नये म्हणून हाताने माती ओढली आणि एक ढेकूळ सुटून खाली पडलं.

अक्षरं होती.

वरच्या अकरा ओळी वाऱ्यापावसाने इतक्या झिजल्या होत्या की घरतांनी दाखवल्याशिवाय मला कधी दिसल्या नव्हत्या. या खालच्या मात्र काल कोरल्यासारख्या होत्या. काठ धारदार, मातीने भरलेल्या, सरळ ओळीत. मला ती लिपी येत नाही. पण त्या होत्या, एवढं कळायला लिपी यावी लागत नाही. मी ब्रश काढला आणि एक पाऊल पुढे टाकलं.

"बापयांनी मागं फिरा!" चांगुणाबाई ओरडल्या. "आईचे पाय उघडे पडलेत! लाज नाही वाटत? फिरा मागं!"

गवंडी उड्या मारून खड्ड्याबाहेर आले. दामूशेठ फिरले. तीस-चाळीस पुरुष एका क्षणात दगडाकडे पाठ करून, खाडीकडे तोंड करून उभे राहिले. माझ्या गळ्यात कॅमेरा होता. ऊन डावीकडून येत होतं.

"ओ लेखक! तुम्हाला निराळं सांगायचं काय?"

या लेखकाने मंत्र्यांची टर उडवली होती. एका आमदाराने घरी माणसं पाठवली तेव्हा त्यांना चहा पाजून त्यांच्यावरही लिहिलं होतं. साप्ताहिकाने माझ्या साठीला जो अंक काढला त्यात 'निर्भीड' हा शब्द चौदा वेळा आहे.

मी फिरलो.

मला एवढंच म्हणायचं होतं की बाई, एक मिनिट. नवस घरतांच्याच घरचा आहे, त्यांनीच पाठवलंय. हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी खाडीकडे बघत उभा राहिलो. मागे पाण्याचा आवाज आला, दुधाचा वास आला, मग तेलाचा. बायका ओव्या म्हणू लागल्या. शेजारी उभ्या असलेल्या दामूशेठनी मला कुजबुजत विचारलं, "यावर लिहिणार काय हो?" मी म्हटलं, "बघू."

"वळा आता," असं सांगितलं तेव्हा दगडाला तळापासून बोटभर जाडीचा शेंदूर होता आणि त्यावर हिरवं लुगडं. साडेअकराला खडी-सिमेंट पडलं.

उंडी पुढे दोन वर्षांत वाळली. मुळांभोवती सिमेंट झालं की झाडाला पाणी मिळत नाही, हे घरतांनी आधीच सांगितलं होतं. दामूशेठनी तिथे पत्र्याची शेड घातली.

त्या शुक्रवारनंतर घरत चौथ्या दिवशी परत आले. दाढी वाढलेली, शर्ट तोच. पायरीवर बसले. मी पाणी दिलं.

"मुलगी झाली," ते म्हणाले. "चौदाशे ग्रॅम. काचेच्या पेटीत आहे. डॉक्टर म्हणाले, जगेल." मग त्यांनी तळहात पुढे करून दाखवला. "एवढी आहे हो. मनगटापासून इथपर्यंत."

"वहिनी?"

"तिथेच. हलायला तयार नाही. म्हणते, सिमेंट पडलं तेव्हाच कळा थांबल्या असत्या, पण बाळालाच घाई होती." ते थोडं हसले. मग त्यांनी तो हात गुडघ्यावर ठेवला. माझ्याकडे पाहिलं. 

"दिसलं?"

चार दिवस होते माझ्याकडे. खरं काय ते सांगायची वाक्यं मी जमवली होती, त्यातलं एक विनोदीही होतं. पण ते समोर बसले होते, उत्तर हो असो की नाही असो, दोन्हीला तयार होऊन आलेले. तिसरं काही असेल असं त्यांच्या मनात नव्हतं. आपण सांगून गेलेल्या माणसाने पाठ फिरवली असेल, हे त्यांच्या मापात बसणारं नव्हतं.

"काही नव्हतं, घरत," मी म्हटलं. "खाली कोरा दगड आहे."

"कोरा?"

"कोरा."

"नीट पाहिलंत? माती झटकून?"

"ब्रशने."

"फोटो?"

"कोऱ्या दगडाचा काय काढायचा?"

 मी त्यांच्या दुःखावर दया केली असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. मला माझी लाज राखायची होती, दुसरं काही नव्हतं.

"म्हणजे विद्वानांचा अंदाज चुकला," ते अखेर म्हणाले. "साल नाही, नाव नाही. नुसता शापच." त्यांनी मान हलवली. आणि मग त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखे ते मागे खांबाला टेकले.

"बरं झालं," ते म्हणाले. "मग काहीच गेलं नाही."

त्यांनी खिशातून मोजणीची वही काढली. प्रत्येक दगडाला त्यात एक पान होतं. या दगडाच्या पानावर त्यांनी स्वच्छ सरकारी अक्षरात लिहिलं: 'एकूण ओळी अकरा. त्याखालील भाग कोरा. पायाच्या खोदाईच्या वेळी प्रत्यक्ष पाहणी.' पुढच्या वर्षी हेच टिपण एका संशोधनाच्या त्रैमासिकात जसंच्या तसं छापून आलं आणि आता त्या दगडाबद्दल जो कुणी लिहितो तो तेच लिहितो. मी चाळीस वर्षं लिहीत होतो. माझ्या शब्दावर कुणी इतका विश्वास आधीही ठेवला नव्हता, नंतरही नाही.

पण ते पुढचं. त्या दिवशी घरतांनी वही वळवून माझ्यासमोर धरली आणि पेन दिलं.

"इथे," ते म्हणाले. "पाहणाऱ्याची सही लागते."

मी सही केली.